काँक्रीटच्या जाळीतले चर्च: ल रँसीविषयी काही प्रश्न

वसईकर यांचा प्रश्न

नमस्कार.

फेब्रुवारीत मावशीसोबत पॅरिसला जाणे झाले, तेव्हा शहराच्या पूर्वेला असलेल्या ल रँसी या उपनगरातले नोत्र-दाम चर्च पाहण्यासाठी एक सकाळ मुद्दाम राखून ठेवली होती. ऑग्युस्त पेरे आणि त्यांचे बंधू ग्युस्ताव्ह यांनी १९२२-२३ मध्ये बांधलेले हे चर्च आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात हमखास भेटते, आणि ‘काँक्रीटची सेंत-शापेल’ (सेंत-शापेल म्हणजे पॅरिसमधले काचेच्या भिंतींचे मध्ययुगीन चर्च) असे त्याचे टोपणनाव आहे, एवढे मला वाचून ठाऊक होते. बाहेरून पाहताना मनोरा करडा आणि काहीसा रुक्ष वाटतो. दार ओलांडले की मात्र भिंत सापडतच नाही. पायथ्याचा भरीव पट्टा सोडला तर चारही बाजूंनी थेट छतापर्यंत सिमेंटची जाळी आहे, आणि तिच्या प्रत्येक घरात रंगीत काच बसवलेली आहे. वेदीसमोर उभे राहून मी वर पाहिले, तेव्हा छत कशावर टेकले आहे हे समजायलाच मला थोडा वेळ लागला.

मावशीचा सगळा जन्म वसईतल्या जुन्या, पोर्तुगीज वळणाच्या देवळात मिस्सा (कॅथलिक उपासना) ऐकण्यात गेला आहे. सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी आणि कोनाड्यांतले संत ही तिची देवळाची कल्पना. आत शिरताच एका खांबावर हात ठेवून तिने विचारले, “याला गिलावा करायचा राहून गेला का रे?” खांबावर फळ्यांचे ठसे स्पष्ट दिसत होते आणि एके ठिकाणी खडीही उघडी पडलेली होती, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी रास्त होता. नंतर ती रोझरी घेऊन बसली. बाहेर ऊन आले, तसा एक निळा ठिपका तिच्या मनगटावर पडला आणि मणी ओढता ओढता हळूहळू सरकत पदरावर गेला. तिने दोनदा खुर्ची बदलली, पण उठली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. खांब भिंतीत न घेता भिंतीपासून सुटे, आतल्या बाजूला का उभे केले असावेत? शिवाय जाळीच्या मधोमध चित्रकार मोरिस दनी यांनी रेखाटलेली मरियेची चित्रे आहेत, परंतु चौकोन, वर्तुळे आणि क्रूस यांची जी जाळी त्यांच्याभोवती पसरली आहे, ती त्यांच्या कितीतरी पट मोठी आहे. मग या चर्चमधली धार्मिक कला कोणती म्हणायची, ती चित्रे की ती जाळी? आणि एक व्यावहारिक शंका. आमच्या वाडीतले छोटे प्रार्थनामंदिर नव्याने बांधण्याचा विचार चालू आहे. समितीतल्या काही जणांना अशी जाळी करावी असे वाटते. समुद्र आमच्यापासून फार दूर नाही. अशी जाळी आमच्याकडे टिकेल का?

सळई-खडी यांचा प्रतिसाद

वसईकर, आपल्या मावशींनी जो प्रश्न विचारला तोच १९२३ मध्येही अनेकांनी विचारला असणार, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. गिलावा राहून गेला नाही, तो केला नाही. त्यामागे पैसा होता आणि तत्त्वही होते. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ मध्ये उर्क नदीच्या काठी झालेल्या लढाईत जे सैनिक मारले गेले, त्यांचे स्मारक म्हणून हे चर्च बांधायचे होते. तिथले धर्मगुरू फेलिक्स नेग्र यांच्याकडे जमलेला निधी दगडी चर्चला पुरण्यासारखा नव्हता. पेरे बंधू वास्तुकार होते आणि त्यांच्या घराण्याची बांधकामाची पेढीही होती, त्यामुळे काँक्रीटमध्ये हे काम किती स्वस्तात आणि किती लवकर होईल याचा अंदाज त्यांना कागदावरच्या आकड्यांपेक्षा अधिक अचूक होता. वर्ष-सव्वा वर्षात इमारत उभी राहिली आणि जून १९२३ मध्ये तिचा अभिषेक झाला. याच पेरे यांनी १९०३-०४ मध्ये पॅरिसच्या र्यू फ्रांक्लँवर जी निवासी इमारत बांधली, तिचा सांगाडा काँक्रीटचाच होता, पण तो त्यांनी चिनी मातीच्या फुलापानांच्या फरशांनी मढवला होता. वीस वर्षांनी, तेही देवाच्या घरात, त्यांनी ते आवरण काढून टाकले. माझ्या मते हे धाडस तंत्रापेक्षा मोठे होते.

आता खांबांविषयी. एकूण २८ खांब चार रांगांत उभे आहेत. उंची सुमारे ११ मीटर, आणि जाडी तळाशी ४३ सेंटिमीटर व माथ्याशी ३५ सेंटिमीटर. दगडी चर्चमध्ये एवढ्या उंचीचा खांब दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. इथे तो एका माणसाच्या कवेत येतो. खांबांवरच्या उभ्या रेघा फर्म्यातच, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यातच, घडवलेल्या आहेत. फर्म्याच्या आतून लाकडी पट्ट्या लावल्या आणि काँक्रीट ओतले की त्या पट्ट्यांची खोबण खांबावर उमटते. ग्रीक मंदिराच्या खांबावर जे काम पाथरवट महिनोन् महिने छिन्नीने करत असे, ते इथे सुताराने एकदाच केले आणि पुढे खांबामागून खांब ओतले गेले.

छत त्याहून नवलाचे आहे. मधल्या दालनावरची पिंपासारखी कमान लांबीच्या दिशेने सलग जाते, तर बाजूच्या दालनांवरच्या लहान कमानी तिला काटकोनात आहेत. मधल्या कमानीचा बाहेरच्या बाजूला जो रेटा येतो, तो या आडव्या कमानी थोपवून धरतात, त्यामुळे बाहेरून दगडी आधारभिंती देण्याची गरज पडत नाही. पॅरिसच्या मूळ सेंत-शापेलमध्ये काचेच्या भिंती शक्य झाल्या, त्या बाहेरच्या बाजूला भक्कम दगडी टेकू आहेत म्हणून. ल रँसीला असे टेकू नाहीत. काँक्रीटच्या त्या कवचाची जाडी सुमारे ५ सेंटिमीटर आहे. आपल्या घराचा साधा स्लॅब साधारण १२ सेंटिमीटरचा असतो, हे लक्षात घेतले तर कमानीच्या आकाराने किती सामान वाचवले ते कळेल.

खांब सुटे उभे आहेत याचे कारण यातच आहे. छताचा सगळा भार खांबांनी घेतल्यावर भिंतीला उचलण्यासारखे काही उरत नाही, ती फक्त स्वतःला सांभाळते आणि वारापाऊस अडवते. खांब भिंतीत दडवला असता तर हे कोणाला दिसले नसते. खांब लपवणे ही चूक आणि खोटा खांब उभारणे हा गुन्हा, असे पेरे मानत असत. बाहेरच्या रांगेतले खांब जाळीपासून हातभर आत ठेवल्यामुळे उजेड त्यांच्या मागून येतो, आणि आपल्याला भिंत संपली, खांब उरले असे वाटते. आपल्याला छताचा आधार शोधावा लागला, तो या रचनेचा हेतूच होता.

काचेचा तुकडा यांचा प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नावर मी सविस्तर लिहितो, कारण या चर्चची चर्चा होते तेव्हा एक नाव नेहमी मागे पडते. चित्रांची कल्पना मोरिस दनी यांची, हे खरे. १८७० मध्ये जन्मलेले दनी हे नाबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारांच्या गटातले. चित्र हे प्रसंग होण्याआधी मुळात रंगांनी विशिष्ट रीतीने भरलेला एक सपाट पृष्ठभाग असते, असा विचार त्यांनी विशी गाठण्याआधीच मांडला होता. १९१९ मध्ये त्यांनी जॉर्ज देव्हालिएर यांच्यासह पॅरिसमध्ये धार्मिक कलेची कार्यशाळा सुरू केली, कारण त्या काळात चर्चसाठी साच्यातून काढलेल्या गुळगुळीत मूर्तींचा जो बाजार भरला होता, त्याला त्यांना उत्तर द्यायचे होते. परंतु ल रँसीची काच कापली, निवडली, जोडली, आणि त्या अवाढव्य जाळीतल्या रंगांचा मेळ घातला तो मार्गरीत ह्यूरे यांनी. त्यांचा जन्म १८९५ चा, म्हणजे हे काम हाती आले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

आपण जाळी आणि चित्र यांत निवड करायला सांगितली आहे. मी ती निवड करणार नाही, आणि का, ते सांगतो. जाळीचे ठोकळे जमिनीवर साच्यात ओतून मग वर चढवलेले आहेत. प्रत्येक ठोकळा साधारण दोन फूट बाजूचा चौरस आहे, आणि त्याच्या पोटात चौकोन, वर्तुळ, तिरका चौकोन, क्रूस अशा मोजक्या आकृत्यांपैकी एक आहे. साचे थोडे, पण ते कसे लावायचे याला अंत नाही. पेरे यांनी ते असे लावले की दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यात या लहान आकृत्या मिळून एक प्रचंड क्रूस तयार होतो, आणि त्या क्रुसाच्या मध्यभागी दनी यांचे चित्र येते. आपल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांना उजेडासाठी जी सिमेंटची जाळी असते, तिची ही थोरली बहीण समजा. जिन्यातली जाळी मोकळी असते, ही काचेने भरलेली आहे, एवढाच फरक.

आता पाहण्याचा क्रम लक्षात घ्या. दारातून आत येणाऱ्याला चित्रातले काहीही ओळखू येत नाही. त्याला फक्त रंग दिसतो, कारण एकेका गाळ्यात एकेक रंग वरचढ ठेवलेला आहे. चार पावले पुढे गेल्यावर रंगातून क्रूस सुटा होतो. गाळ्याच्या अगदी समोर जाऊन मान वर केली, की तेव्हा कुठे मरिया, देवदूत आणि माणसे दिसू लागतात. अशा दहा चित्रांतून मरियेचे जीवन उलगडते, आणि १९१४ च्या लढाईची आठवणही त्यांत गुंफली आहे, ज्यामुळे हे चर्च स्मारक ठरते. दूर असताना उजेड, मध्यावर चिन्ह, जवळ गेल्यावर कथा. जाळी काढली तर पहिल्या दोन पायऱ्या जातात, चित्रे काढली तर तिसरी जाते.

तंत्रातही भेद आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. चित्रांमध्ये शिशाच्या पट्ट्या आहेत, काचेवर रंगाच्या रेषा आहेत, चेहरे आहेत, म्हणजे मध्ययुगीन पद्धतीचीच ती कारागिरी आहे. भोवतालच्या घरांत मात्र फुंकून केलेल्या काचेचा एकरंगी तुकडा सरळ काँक्रीटच्या चौकटीत बसवला आहे, त्याच्यावर काहीही चितारलेले नाही. फुंकलेल्या काचेची जाडी सारखी नसते, तिच्यात बुडबुडे असतात, म्हणून एकाच निळ्या रंगाच्या दोन शेजारच्या तुकड्यांतून उजेड वेगवेगळा येतो. आपल्या मावशींच्या मनगटावर जो ठिपका पडला तो चित्रातला नसावा, याच साध्या तुकड्यातला असावा.

उंबरठा यांचा प्रतिसाद

वर आलेले बहुतेक सगळे मला मान्य आहे, तरीही एक मतभेद नोंदवतो. ल रँसीचे तंत्र नवे आहे, पण आराखडा जुनाच आहे. लांबट दालन, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला उंच चौथऱ्यावर वेदी, खांबांच्या रांगा: दगडी चर्चचे कपडे उतरवून तेच काँक्रीटमध्ये उभे केले, असे मला वाटत आले आहे. काँक्रीट हा ओतण्याचा पदार्थ आहे, तो हवा तसा वळतो, आणि त्या गुणाला धार्मिक वास्तूत वाव मिळाला तो तीस वर्षांनी फ्रान्समधल्याच राँशां इथल्या चर्चमध्ये. गंमत अशी की राँशांचे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए हे १९०८-०९ मध्ये याच पेरे यांच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून काम करत होते. गुरूने भिंत विरघळवली, शिष्याने ती पुन्हा जाड केली, इतकी की दक्षिणेकडची भिंत तळाशी तीन मीटरहून अधिक जाड आहे. आधीचे चर्च १९४४ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाले होते, त्याचेच दगड नव्या भिंतींत भरले आहेत. भिंतीतल्या खिडक्या लहानमोठ्या बोगद्यांसारख्या आहेत, आणि काच त्यांच्यात वेगवेगळ्या खोलीवर बसवलेली आहे.

छत म्हणजे काँक्रीटची दोन पातळ कवचे, एकावर एक, मधे पोकळी ठेवून. खेकड्याच्या कवचावरून ही कल्पना सुचल्याचे ल कॉर्ब्युझिए यांनी सांगितले आहे. हे जड दिसणारे छत भिंतीवर टेकतच नाही. भिंतीत दडवलेल्या खांबांवर ते उचललेले आहे आणि भिंत व छत यांच्यामध्ये सुमारे १० सेंटिमीटरची फट आहे. त्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते. पेरे यांना दडवलेला खांब कसा वाटला असता, याची कल्पना करता येईल, पण ती रेघ पाहिल्यावर मला त्यांच्या नियमाचा विसर पडला.

धार्मिक कलेचा प्रश्न तिथे वेगळ्या रीतीने सोडवला आहे. काचेवरची चित्रे आणि अक्षरे ल कॉर्ब्युझिए यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. मोठ्या दाराच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्यावर मिनाकारी केलेली रंगीत चित्रे आहेत, तीही त्यांचीच. याउलट, मरियेची मूर्ती जुनी, लाकडी, रंगवलेली आहे आणि ती पूर्वेच्या भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात ठेवलेली आहे. यात्रेच्या दिवशी गर्दी आत मावत नाही, तेव्हा मिस्सा बाहेरच्या वेदीवर होते आणि मूर्ती फिरवून लोकांकडे तोंड करते. एरवी ती आतल्यांकडे पाहते. नव्या इमारतीत सर्वांत जुनी वस्तू सर्वांत मोक्याच्या जागी ठेवली, याबद्दल मला त्या वास्तुकाराविषयी आदर वाटतो, विशेषतः तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक नव्हता हे लक्षात घेता. फादर कुतुरिए या डोमिनिकन धर्मगुरूंचे मत असे होते की श्रद्धा असलेला सामान्य कलावंत घेण्यापेक्षा प्रतिभावान कलावंताला चर्चचे काम द्यावे, मग त्याची श्रद्धा असो वा नसो. राँशांचे काम ल कॉर्ब्युझिए यांनी स्वीकारावे म्हणून ज्यांनी आग्रह धरला, त्यांत तेही होते. दनी यांना हे पटले नसते. ते स्वतः नेमाने उपासना करणारे होते आणि धार्मिक चित्र श्रद्धेतूनच यावे अशी त्यांची धारणा होती.

दादर पश्चिम यांचा प्रतिसाद

उंबरठा, आपला मतभेद वाचताना मला आमच्या गोखले रस्त्यावरच्या चर्चची आठवण झाली, ज्याला सगळे पोर्तुगीज चर्च म्हणतात. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापलेल्या या चर्चची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रेखली आणि ती १९७७ मध्ये पूर्ण झाली. मूळचे गोव्याचे घराणे असलेल्या कोरियांनी तिथे एक लांब दालन केले नाही. लहानमोठ्या जागा एकमेकींना जोडल्या, काहींवर काँक्रीटची उंच कवचे घातली, आणि मधे उघडे चौक सोडले. कवचाच्या माथ्याकडून उजेड खाली येतो आणि गरम हवा वर निघून जाते. मुंबईत मिस्सेला बसणाऱ्या माणसाला उजेडाइतकीच हवाही लागते. तिथल्या चित्रकामासाठी मकबूल फिदा हुसेन यांना बोलावले होते, म्हणजे कुतुरिए यांचा विचार दादरलाही पोहोचला होता असे म्हणायला हरकत नाही.

वसईकरांनी आपल्या समितीला घेऊन एकदा इथे यावे. ल रँसीला सगळ्यांना जाता येणार नाही, दादरला येता येईल. आणि येताना दुपारी दोनच्या सुमारास यावे, कारण चौकातल्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे निवायला जो क्षण लागतो, तो या वास्तूचा भाग आहे.

दुरुस्तीचे काम यांचा प्रतिसाद

तिसरा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही, आणि माझ्या पोटापाण्याचा व्यवसायच जुन्या काँक्रीटची दुरुस्ती हा असल्यामुळे तो मी घेतो. ल रँसीची जाळी सुंदर आहे, पण तिला रोग लागला होता, हे समितीला आधी सांगावे. ही इमारत १९६६ मध्ये संरक्षित स्मारक ठरली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मोठी दुरुस्ती करावी लागली आणि जाळीचे बरेच भाग नव्याने ओतून बसवावे लागले.

कारण सोपे आहे. सिमेंट अल्कधर्मी असते, आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतो, तसा हा अल्कधर्मी गुण बाहेरून आत कमी होत जातो. ही घट सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. मग आतून दाब येतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो आणि खपली पडते. जाळीच्या पट्ट्या बारीक, त्यात सळई, म्हणजे सळईवर काँक्रीटचे आवरण उरणार ते किती? शिवाय पट्टी फुगली की शेजारची काच तडकते. पेरे यांच्या काळात सळईवर किती आवरण ठेवावे याचा दीर्घ अनुभव कोणाकडेच नव्हता, म्हणून त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे हे संकट दुप्पट आहे, कारण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते आणि त्यातले क्लोराइड सळईवरचा तो संरक्षक थर थेट फोडते. माझ्या एका कामात समुद्राजवळच्या इमारतीतली जिन्याची जाळी हाताने दाबली तर चुरा होऊन खाली पडत होती. ओतताना कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर धरणारे छोटे ठोकळे) लावलेच नव्हते, सळई एका बाजूला साच्याला टेकलेली होती, आणि तिच्यावर जेमतेम नखाएवढे काँक्रीट होते.

तरीही माझे उत्तर नकारार्थी नाही. ठोकळे लहान ठेवा आणि शक्य असेल तर त्यात लोखंड घालूच नका. दोन फुटांऐवजी एक फुटाचा ठोकळा केला, पट्ट्या थोड्या जाड ठेवल्या, तर तो स्वतःचे वजन सळईविना सहज पेलतो. वाऱ्याचा भार मधल्या खांबांनी घ्यावा, आणि ते खांब ठोकळ्यांच्या मागे, आवरण व्यवस्थित ठेवून वेगळे ओतावेत. म्हणजे पेरे यांनी खांब जाळीपासून सुटे ठेवले, ते आपल्यालाही उपयोगी पडेल. पाणी कमी घालून घट्ट माल करावा, ठोकळे सावलीत निदान पंधरा दिवस ओले ठेवावेत, आणि काच सिमेंटमध्ये पक्की न रोवता तिच्याभोवती लवचिक सांधा ठेवावा, म्हणजे एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. आडव्या पट्टीच्या वरच्या कडेला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला विसरू नये. आपल्या पावसात पाणी तिथेच साचते.

काचेचा तुकडा यांचा प्रतिसाद

दुरुस्तीविषयीच्या या माहितीबद्दल मनापासून आभार. समिती पुढे जाणार असेल तर ह्यूरे आणि पेरे यांचे नंतरचे कामही पाहावे असे सुचवतो, कारण वसईकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोघांनी स्वतःच दिले आहे.

सप्टेंबर १९४४ मधल्या बॉम्बवर्षावात ल आव्र हे फ्रान्समधले बंदर बेचिराख झाले. त्याच्या पुनर्बांधणीची धुरा पेरे यांच्याकडे आली. तिथले सेंट जोसेफ चर्च हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि चर्च त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले. चौरस तळावर अष्टकोनी मनोरा उभा आहे, उंची १०७ मीटर, आणि तो आतून थेट माथ्यापर्यंत पोकळ आहे. वेदी त्याच्या बरोबर खाली, मधोमध आहे, आणि लोक तिच्या चारी बाजूंना बसतात. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या महासभेने, वेदी लोकांच्या जवळ आणण्याला चालना दिली, त्याच्या आधीची ही रचना आहे. म्हणजे उंबरठा यांनी ल रँसीच्या आराखड्यावर जो आक्षेप घेतला, त्याचे उत्तर पेरे यांच्याकडे होते, फक्त ते तीस वर्षांनी आले.

ह्यूरे यांनी या मनोऱ्यात १२,७६८ काचा बसवल्या. त्यांत एकही आकृती नाही. मरिया नाही, जोसेफ नाही, देवदूत नाही. आहेत ते फक्त रंग. दिशेनुसार ते बदलतात, आणि खालून वर जाताना गडद रंग फिके होत होत जवळजवळ पांढरे होतात. दिवसभरात सूर्य फिरतो तसा खालच्या जागेचा रंग पालटत राहतो. ल रँसीत चित्र जाळीच्या मध्यभागी होते. इथे चित्र गेले आणि जाळी उरली, तरीही ते चर्चच आहे, आणि बॉम्बवर्षावात मेलेल्या माणसांचे स्मारकही आहे.

काँक्रीटमध्येही फरक पडला होता. ल रँसीत फर्मा काढल्यावर जे निघाले ते तसेच ठेवले. पुढच्या वर्षांत पेरे काँक्रीटच्या पृष्ठभागावर दगडासारखी टाकी लावून घेऊ लागले, म्हणजे वरचा सिमेंटचा पापुद्रा निघून आतली खडी आणि तिचा रंग दिसतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण दगडाविषयी म्हणतो, ते त्यांनी काँक्रीटलाही लागू केले. मावशींनी ल आव्रच्या खांबावर हात ठेवला असता तर त्यांनी गिलाव्याविषयी विचारले नसते असे मला वाटते.

अखेरची एक सूचना. चित्रे करायचीच असतील तर ती आपल्या लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. ल रँसीत दनी यांच्या चित्रांसाठी मान वर करावी लागते, आणि रोज येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही.

वसईकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा सगळा धागा छापून समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. दुरुस्तीचा भाग ऐकताना सगळे एकदम शांत झाले होते, कारण आमच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या छज्ज्यातून सळया बाहेर डोकावत आहेत आणि त्या का गंजल्या हे आजवर कोणी असे समजावून सांगितले नव्हते.

सध्या एवढे ठरले आहे की, पावसाळ्याआधी एक फूट बाजूचे नऊ ठोकळे सळईविना ओतून पाहायचे. आकृत्या दोनच, वर्तुळ आणि क्रूस. काच मिळेल तशी, निळी आणि पिवळी. ही चौकट आमच्या अंगणात पश्चिमेला तोंड करून उभी करायची आणि एक पूर्ण पावसाळा तिला खाऱ्या वाऱ्यात राहू द्यायचे. त्याआधी सगळे मिळून दादरला जाऊन येऊ, दुपारी दोन वाजता.

मावशीला ल आव्रच्या बिनचित्रांच्या काचांविषयी सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली की रंग चालतील, पण वेदीजवळ एक तरी मरिया हवी, आणि ती नवी न घेता आपल्या जुन्या देव्हाऱ्यातलीच ठेवा. राँशांच्या मूर्तीविषयी मी तिला तोवर काहीच सांगितलेले नव्हते.